दातांच्या डॉक्टरची साक्ष

६ जून

ताई,

नमस्काराआधीच रागावू नकोस. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मागे एकदा माझं वाक्य पुरं झालं होतं, तर लाइन केव्हाच तुटली होती असं नंतर कळलं.

बातमी आनंदाची आहे. बेबीनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलंय. स्वतःच्या मनानं ठरवलं, पाळकांना सांगून आली आणि मग आम्हाला सांगितलं. ही आनंदानं रडली. मीही डोळे पुसले. इथपर्यंत सगळं छान होतं. मग पाळकांनी आमच्या मंडळीची रीत सांगितली. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या शेजारी घरचं एक मोठं माणूस उभं राहतं. ते माणूस आधी सगळ्यांसमोर, हातात कागद न घेता, आपल्या तोंडानं सांगतं की येशू हाच मशीहा आहे असं मी मानतो, आणि का मानतो तेही सांगतं. बेबीनं माझं नाव देऊन टाकलं. मला न विचारता.

मी कसा आहे ते तुला माहीत आहे. एक रविवार चुकवत नाही, पण बसतो शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. गाण्यांना नुसते ओठ हलवतो. मंडळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे दात फुकट काढतो. पण उभं राहून बोलायचं म्हटलं की पाय लटपटतात आणि जीभ टाळ्याला चिकटते. माझ्या लग्नात पाळकांनी हिला पत्करतोस का विचारलं, तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. ही अजून म्हणते की आपलं लग्न कायद्यानं झालेलंच नाही.

मी बेबीला म्हटलं, मामाला उभं कर. माझा मेव्हणा विमा विकतो, आणि साक्ष द्यायला मिळाली की जेवण विसरतो. त्यावर ती म्हणाली, "चालेल पप्पा. मामा मस्त बोलतो. पण मग मला वाटत राहील, की इतकी वर्षं तुम्ही चर्चला फक्त मला सोडायला येत होतात." रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढं बोलून भांडी घासायला गेली.

खरं सांगू ताई? बोलायची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आत काही नसलंच तर? आई मानायची म्हणून मी मानतो, एवढंच निघालं तर? तसं निघालं तर बेबीच्या शेजारी मी कोणत्या तोंडानं उभा राहू? ऑगस्टचा पहिला रविवार ठरलाय. काहीतरी सुचव.

तुझा,
बंड्या

१४ जून

बंड्या,

तुला वाक्य पुरं करू देत नाही हे साफ खोटं आहे. तू मध्येच इतका थांबतोस की मला वाटतं झालं याचं.

बेबीला माझे खूप खूप आशीर्वाद. तिचा पांढरा झगा मी शिवणार. मापं पाठव, पण ती तुझ्या बायकोकडून घे, बेबीकडून नको. मुली कंबर कमी सांगतात आणि मग शिवण उसवली की शिवणारीच्या नावानं शंख करतात. इतकी वर्षं शिवणक्लास चालवते आहे, मला नको शिकवू.

आता तुझ्या भीतीचं. हा सगळा फाजील विचार आहे. विश्वास म्हणजे काय दाढ आहे, आरसा घालून किडली की नाही बघायला? सोबत भाषण पाठवते आहे. पाठ कर. घोकंपट्टीत तू लहानपणी पहिला होतास, समजण्यात नव्हतास, पण इथे समजायची गरज नाही. रोज मोठ्यांदा म्हण. आणि मेव्हण्याला उभं करायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. त्याचं आटपेपर्यंत पोर पाण्यात गारठून जाईल.

मी ठीक आहे. रविवारी ऑर्गन वाजवते. पाळक म्हणतात, माझ्याशिवाय उपासना अडते. तुझे भाऊजी गेल्यापासून घर शांत आहे. बरंच आहे, कामं होतात.

ताई

२७ जून

ताई,

भाषण मिळालं. भारी आहे. पाठही झालंय. प्रश्न होता म्हणायचं कुठे. घरी म्हटलं तर ही मध्येच चुका काढते. न्हाणीघरात म्हटलं तर आवाज घुमतो आणि वरच्या मजल्यावरचे विचारायला येतात. शेवटी जागा सापडली. माझा दवाखाना.

असं बघ, भुलीचं इंजेक्शन दिलं की ती चढेपर्यंत थांबावं लागतं. एरवी मी हवापाण्याचं बोलायचो. आता भाषण म्हणतो. पेशंट आडवा, तोंड उघडं, आत कापूस, वर लाळ ओढायची नळी. त्याला उठता येत नाही, मध्ये बोलता येत नाही, फार तर डोळे मोठे करता येतात. अशी गुणी मंडळी कुठल्या पाळकाला मिळाली असेल? आधी मास्कच्या आत पुटपुटायचो. आठवड्यात आवाज खणखणीत झाला. पाय अजिबात लटपटत नाहीत, कारण मी स्टुलावर बसलेला असतो.

पण मंगळवारी घोटाळा झाला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई दाढ काढायला आल्या होत्या. दाढ हट्टी. मी चिमटा लावून जोर केला, ती हलेना, आणि नेमका भाषणातला तो भाग आला, या मर्त्य देहाचा शेवट कधी येईल कुणी सांगावं, म्हणून हे प्रभू, तुझ्या हाती मी सगळं सोपवतो. पुढचं आठवेना म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर खुर्ची रिकामी. बाई गळ्यातल्या कापडासकट बाहेर. बसलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकलेत, आता देवाचा धावा चाललाय. ऐकून आणखी दोघं उठून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन माफी मागितली. पोत्यांच्या मागे स्टुलावर बसून त्यांनी दाढ काढू दिली. अट एकच, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आता माझ्या मदतनीस बाई प्रत्येक नव्या पेशंटला आधीच सांगून ठेवतात की डॉक्टर बोलतात फार, पण हात हलका आहे. जन्मात पहिल्यांदा कुणी मला बोलका म्हटलं.

एक पेशंट मात्र वेगळे आहेत. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेतात ते. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलंय. त्यांचं दाताच्या मुळाचं काम चार-पाच वेळा बसून करायचं आहे, त्यामुळे भाषण त्यांना हप्त्याहप्त्यानं ऐकावं लागतंय. ते डोळे मिटत नाहीत. टक लावून बघत राहतात. त्यांच्यासमोर मी सारखा अडखळतो.

बंड्या

५ जुलै

बंड्या,

तू गाढव आहेस हे मला माहीत होतं, पण इतका? तोंडात कापूस कोंबून माणसाला मशीहा सांगतोस? हे म्हणजे दाराला बाहेरून कडी लावून पाहुण्याला जेवायला वाढण्यासारखं झालं. आधी विचारत जा. हो म्हणाले तर बोल, नाही म्हणाले तर दात बघ. प्रभूनं कुणाला खुर्चीला बांधून शिकवलं नव्हतं.

आणि मर्त्य देहाच्या त्या भागाला नावं ठेवू नकोस. पूर्ण भाषणात तोच सगळ्यात चांगला आहे. तो ऐकून लोक रडायचे. चिमटा हातात धरून म्हटल्यावर पळणार नाहीत तर काय करतील?

तुझ्या बायकोनं पाठवलेली मापं मिळाली. तीही कमीच आहेत. मी दोन बोटं सोडून शिवते.

ताई

१८ जुलै

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. परीक्षकांना विचारलं, माझा थोडा सराव ऐकाल का. त्यांनी मान डोलावली. मी सगळं भाषण एका दमात म्हटलं, कुठेही न अडखळता. काम झालं, कापूस काढला. त्यांनी चूळ भरली, ओठ पुसले, आणि म्हणाले, "नापास."

मी विचारलं, कुठे चुकलं? ते म्हणाले, चूक एकही नाही, तीच अडचण आहे. तुमची आई काय मानायची ते कळलं. पाळक काय मानतात ते कळलं. मोठमोठे संत काय मानत आले तेही सांगितलंत. तुम्ही कुठे आहात? तुम्ही तर मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघताय. "लोकांचं कळलं, डॉक्टर. तुमचं काय?"

ताई, हा माणूस देव मानत नाही. तो म्हणतो मी फक्त ब्रेक मानतो. पण हाच प्रश्न प्रभूनं शिष्यांना केला होता. आधी विचारलं, लोक मला कोण म्हणतात, आणि त्यांनी भराभरा उत्तरं दिली. मग विचारलं, आणि तुम्ही? रविवारच्या शाळेत असल्यापासून मी ते ऐकत आलोय. तो प्रश्न मलाही आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी भाषण बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत एकटाच होतो. नुसतं म्हणून बघितलं, येशू हा मशीहा आहे असं मी मानतो. बोललो आणि दचकून मागे बघितलं, कोण बोललं म्हणून. परवा पुन्हा म्हटलं. तेव्हा त्याच्या मागून एक गोष्ट आठवली. रोज पहिल्या पेशंटच्या आधी माझा हात थरथरतो. पहिल्या दिवसापासून थरथरतो, हिलाही सांगितलेलं नाही. मी मनात म्हणतो, प्रभू, हात धर. मग हात स्थिर होतो. इतकी वर्षं मी याला सवय समजत होतो. पण पलीकडे कुणी नाही असं वाटत असतं, तर मी हे कुणाला सांगत होतो?

आता तुला एक विचारतो, आणि हे वाक्य मला पुरं करू दे. तू पाठवलेल्या भाषणात तीन ठिकाणी "थोडक्यात सांगायचं तर" आहे आणि त्यापुढे एकदाही थोडक्यात काही नाही. असं बोलणारा जगात एकच माणूस होता. ते भाषण भाऊजींचं आहे ना? पत्रामागून पत्रात तू मला सांगतेस काय बोलायचं. तू काय म्हणतेस, ताई?

बाकी ठीक. माझी अक्कलदाढ ठणकतेय. दातांच्या डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरच्या दारात कसं बसायचं, म्हणून लवंग धरून दिवस काढतोय.

बंड्या

२४ जुलै

बंड्या,

झगा वेगळा पाठवला आहे. इस्त्री उलट बाजूनं करायला सांग.

भाषण कुणाचं का असेना, चांगलं आहे ना? माझं विचारू नकोस. मी ऑर्गन वाजवते. वाजवणाऱ्याला बोलावं लागत नाही.

ती दाढ काढून घे. लाज कसली त्यात?

ताई

२ ऑगस्ट

ताई,

तुझं ऐकलं नाही आणि भोगलं. शुक्रवारी गाल टम्म सुजला. शनिवारी समोरच्या डॉक्टरकडे गेलो, ज्याच्याशी मी कित्येक वर्षं नीट बोललेलो नाही. त्यानं दाढ काढली, टाके घातले, आणि काढता काढता मला दातांची निगा कशी राखावी यावर व्याख्यान दिलं. माझ्या तोंडात कापूस होता. पेशंटांना काय वाटत असेल ते तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी चर्चमध्ये गेलो तर तोंड एका बाजूला आणि जबडा दुसऱ्या बाजूला. पाळकांनी बघितलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, डॉक्टर, तुम्ही बसा, देव काही तोंडाकडे बघत नाही, मामांना उभं करू. हीसुद्धा म्हणाली, जिवाला त्रास करून घेऊ नका. आणि बेबी म्हणाली, पप्पा, खरंच चालेल. मनापासून म्हणाली. मेव्हणा नवा कोट घालून घसा खाकरत तयारच होता.

जून महिन्यापासून जी सुटका मागत होतो ती आयती हातात आली. मी माझ्या बाकावर, खांबाच्या आड जाऊन बसलो. आनंद व्हायला हवा होता. मेव्हणा पुढे निघाला, बेबीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि मला असं वाटलं की कुणीतरी माझ्यासमोरचं वाढलेलं ताट उचलून नेतंय. बसवेना. उठलो आणि चालायला लागलो. पाय लटपटत होते, अगदी पहिल्यासारखे. पण थांबले नाहीत. मेव्हण्याला हातानं बाजूला केलं. बिचारा "थोर प्रभू" एवढंच बोलला होता.

मी म्हटलं, "येशू हाच मशीहा आहे असं मी मानतो. आई मानायची म्हणून नाही. रोज सकाळी माझा हात थरथरतो आणि तो धरतो, म्हणून."

म्हणजे मी हे म्हटलं. बाहेर जे आलं ते नुसतं गिळगिळीत काहीतरी होतं, लाळेसकट. ही रुमाल घेऊन धावली. लोक पुढे झुकले. पहिल्या बाकावरचं एक पोर फिदीफिदी हसलं, मग त्याची आई, मग सगळं चर्च. मीही हसलो, आणि टाके असे ओढले गेले की डोळ्यात पाणी आलं. बेबी हसली नाही. मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, परत सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मी परत सांगितलं. ती म्हणाली, अजून एकदा. पहिल्यांदा बोललो तेव्हा फक्त भीती वाटत होती. दुसऱ्यांदा लोकांसाठी बोललो. तिसऱ्यांदा मी ते स्वतःच ऐकलं. तेव्हा हसणं थांबलं होतं. मग पोर पाण्यात उतरली. तुझा झगा अगदी मापात बसला होता.

परीक्षक आले होते, मीच बोलावलं होतं. जाताना म्हणाले की एक शब्द कळला नाही, पण गाडी तुम्हीच चालवत होतात. मग दातावरची टोपी कधी बसवणार ते विचारून गेले. मेव्हण्याची साक्ष वाया गेली नाही, त्यानं ती जेवताना सगळ्यांना ऐकवली.

ताई, मला वाटायचं, विश्वास आधी पक्का व्हावा आणि मग माणसानं बोलावं. माझं उलटं झालं. बोललो आणि मग तो पक्का झाला. आता इतक्या लोकांसमोर म्हटलेलं मागे घेता येणार नाही, आणि नवल म्हणजे घ्यावंसं वाटतही नाही. आज सकाळी हात थरथरला तेव्हा मी मोठ्यांदा म्हटलं, प्रभू, हात धर. मागून मदतनीस बाई आमेन म्हणाल्या. खुर्चीतला पेशंट तेवढा जरा घाबरला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. घाई नाही. पण मी विचारायचं सोडणार नाही.

बंड्या

१६ ऑगस्ट

बंड्या,

तुझं पत्र क्लासमध्ये वाचलं आणि इतकी हसले की मुलींना वाटलं बाईंना काहीतरी झालं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हा मात्र कुणी विचारलं नाही, कारण मी आधीच कांदा चिरायला घेतला होता.

भाषण तुझ्या भाऊजींचंच. त्यांना कुठेही उभं करा, तेच म्हणायचे, आणि दर वेळी नवं असल्यासारखं म्हणायचे. मी तुला स्वतः काही लिहून देऊ शकले असते असं तुला वाटतं का? माझ्याकडे काही नव्हतं रे. ते गेल्यापासून मी देवाशी अबोला धरला होता. ऑर्गन सोडला नाही, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. सगळी मंडळी उभी राहून विश्वासाचा अंगीकार म्हणते, तेव्हा मी पुढच्या गाण्याचं पान शोधत बसायचे. प्रार्थनेत डोळे मिटून कुणाचं कापड आधी कापायचं ते ठरवायचे. कुणाला कळलं नाही. तुला बरं तीन "थोडक्यात" वरून कळलं.

तुला नवरा-बायकोतला अबोला माहीत आहे. आपण समजतो की आपण शिक्षा देतोय. पण दुसऱ्याला त्याचं काही होतं की नाही कुणास ठाऊक, आपलं मात्र घर खायला उठतं.

काल मी पान शोधलं नाही. उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर म्हटलं. तो मशीहा आहे आणि मी मानते, असं ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येईना. मध्येच हुंदका आला, आधार घ्यायला हात टेकला तो पट्ट्यांवर, आणि ऑर्गन असा बोंबलला की मंडळीला वाटलं पुढचं गाणं सुरू झालं. अर्ध्या लोकांनी अंगीकार सोडून गाणं धरलं. पाळकांनी वळून बघितलं. मी त्यांना म्हटलं, चालू द्या, माझं झालं नाहीये अजून. आणि उरलेलं एकटीनं शेवटपर्यंत म्हटलं.

घरी आले, दार लावलं, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, आणि त्याच्याशी कडकडून भांडले. माझा माणूस का नेलास, मला का नाही विचारलंस, एवढी काय घाई होती, सगळं विचारलं. तासभर तरी भांडत असेन. त्यानं मला एकही वाक्य अर्धं सोडायला लावलं नाही. उत्तर मिळालं का, तर नाही. पण मी ज्याच्याशी भांडत होते तो तिथे होता, बंड्या.

ताई